उष्णता जाते कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पदार्थाच्या अवस्था आणि उष्णता या विषयावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. शाळेची प्रयोगशाळा, द्राक्षबाग, आचाऱ्याची भट्टी, घरचा माठ असे विषय वेगवेगळे दिसतात, पण बहुतेक कोडी एकाच ठिकाणी अडतात. स्थायूचा द्रव होताना किंवा द्रवाचा वायू होताना पदार्थ भरपूर उष्णता गिळतो आणि उलट्या वाटेने जाताना तेवढीच परत करतो. हे चालू असताना थर्मामीटर मात्र जागचा हलत नाही. अशा गिळलेल्या उष्णतेला पाठ्यपुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात. तिचा हिशेब आकड्यांत मांडला की पुढचं बरंच सोपं होतं.

प्रश्न : मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. बर्फापासून वाफेपर्यंत तापमान नोंदवण्याचा प्रयोग आम्ही दरवर्षी करतो. पात्रात बर्फ शिल्लक असतानाच थर्मामीटर २-३ अंश दाखवतो आणि पाणी खळखळून उकळलं तरी पारा ९७-९८च्या वर जात नाही. मुलं सरळ ० आणि १०० लिहून टाकतात. थर्मामीटर बिघडलाय की आमची पद्धत चुकतेय? (शिक्षिका, सिडको)

वरच्या टोकाला थर्मामीटर बहुधा बरोबर आहे, खालच्या टोकाला पद्धत सुधारायला हवी.

आधी उकळण्याचं पाहू. द्रवाच्या बाष्पाचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. पाण्याचा उत्कलनांक १०० अंश सेल्सिअस हा समुद्रसपाटीच्या दाबाचा, म्हणजे सुमारे १०१३ हेक्टोपास्कलचा आकडा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब साधारण ९४५ हेक्टोपास्कल असतो, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पावसाळ्यात दाब आणखी १० हेक्टोपास्कलने उतरला तर यातूनही पाव अंश कमी होतो. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांना उकळेल. म्हणून नाशिकच्या वहीत ९८ हेच बरोबर उत्तर आहे आणि त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. पुस्तकातला १०० उतरवून घेणाऱ्या मुलाने पाहिलेलं सोडून पाठ केलेलं लिहिलं.

पाण्यात क्षार असल्याने उत्कलनांक बदलतो हे खरं, पण लिटरमागे एक ग्रॅम मीठ घातलं तर तो वाढतो दोन शतांश अंशाहूनही कमी. नळाच्या पाण्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. ९८ऐवजी ९७ दिसत असेल तर मात्र थर्मामीटर कसा धरला आहे ते पाहा. प्रयोगशाळेतले बरेच थर्मामीटर पूर्ण बुडवून वाचण्यासाठी आखलेले असतात. त्यांची दांडी बाहेरच्या गार हवेत राहिली तर उकळत्या पाण्यात ते अर्धा-एक अंश कमी दाखवतात.

आता शून्याचं. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. न ढवळलेल्या पात्रात बर्फ वर तरंगतो, ३-४ अंशांचं पाणी तळाशी बसतं आणि खालून दिवाही तापवत असतो. थर्मामीटरचा फुगा तळाजवळ असेल तर तो तिथल्या पाण्याचं तापमान सांगतो. त्याने सांगितलेलं २-३ खोटं नाही, फक्त ते बर्फाचं तापमान नाही.

प्रयोग असा मांडा. १५० ग्रॅम बर्फ कापडात गुंडाळून हरभऱ्याएवढा बारीक फोडा. फ्रीझरमधून काढलेला बर्फ उणे १०-१५ अंशांचा असतो. शून्यापासून सुरुवात हवी असेल तर त्याला बाहेर पाणी सुटेपर्यंत ठेवा. त्याआधीची चढण दाखवायची असेल तर लगेच घ्या, पण मग थर्मामीटर उणे २०पासूनचा लागेल. २५० मिलीचं चंचुपात्र तिवईवर तारेच्या जाळीवर ठेवा आणि ज्योत अगदी मंद ठेवा. थर्मामीटर स्टँडला अडकवा. फुगा बर्फाच्या मधोमध हवा, तळापासून किमान २ सेंटीमीटर वर. ढवळायला काचकांडी घ्या. थर्मामीटरनेच ढवळलं तर फुगा फुटतो. दर ३० सेकंदांनी नोंद घ्या आणि प्रत्येक नोंदीआधी ढवळा. इतकं केलं की बर्फाचा शेवटचा खडा विरघळेपर्यंत पारा शून्याला अर्ध्या अंशाच्या आत चिकटून राहतो. थर्मामीटर तपासण्याची चांगली रीतही हीच: ठेचलेला बर्फ, तो जेमतेम बुडेल इतकं पाणी, दोन-तीन मिनिटं ढवळणं आणि वाचन. ताप मोजायचा थर्मामीटर कोणी उकळत्या पाण्यात घालणार नाही याकडे मात्र लक्ष असू द्या. तो ४२ अंशांपर्यंतचाच असतो आणि फुटतो.

खरी गंमत आलेखात आहे. १५० ग्रॅम बर्फ वितळायला ग्रॅममागे ३३४ ज्यूल, म्हणजे ५० किलोज्यूल लागतात. ते पाणी ० ते ९८ अंश तापवायला सुमारे ६१ किलोज्यूल आणि सगळ्या पाण्याची वाफ करायला ग्रॅममागे २२६० प्रमाणे ३४० किलोज्यूलच्या जवळपास. दिवा सेकंदाला १५० ज्यूल पाण्यापर्यंत पोचवत असेल तर वितळायला साडेपाच मिनिटं, तापायला सात आणि उकळून संपायला ३८ मिनिटं. पुस्तकांतल्या आकृतीत दोन्ही सपाट रेषा बहुधा सारख्याच लांबीच्या काढलेल्या असतात. प्रत्यक्षात उकळण्याची रेषा जवळजवळ सातपट लांब असते. तासिकेत सगळं पाणी आटवायला वेळ नसतो, आणि पात्र कोरडं पडलं तर तडकतंही, तेव्हा उकळल्यावर दहा मिनिटं नोंदी घेऊन थांबा आणि उरलेली रेषा हिशेबाने काढायला लावा.

हा सातपटीचा फरक कशामुळे? वितळताना पाण्याचे रेणू आपापल्या ठरलेल्या जागा सोडतात, पण एकमेकांना लागूनच असतात. वाफ होताना ते एकमेकांपासून पूर्ण तुटतात आणि बाहेरची हवा मागे रेटून स्वतःला जागाही करून घेतात. उष्णता या कामात खर्ची पडते. रेणूंचा वेग वाढत नाही, म्हणून तापमानही वाढत नाही. वितळताना तापमान स्थिर राहूनही उष्णता शोषली जाते हे ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोजून दाखवलं, आणि तेही आज तुमच्या प्रयोगशाळेत आहेत त्याहून साध्या साधनांनी.

एक काळजी घ्या. नव्या, गुळगुळीत चंचुपात्रात पाणी कधी कधी उत्कलनांकाच्या वर जाऊनही शांत राहतं आणि मग एकदम उसळतं. आधीच मडक्याच्या खापरीचे दोन-तीन तुकडे टाकून ठेवा, त्यांच्या छिद्रांतून बुडबुडे सहज सुटतात. तापल्यावर टाकू नका, टाकताक्षणी पाणी उसळेल.

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा पार खाली येतो तेव्हा कोणी पहाटे शेकोट्या पेटवतात, कोणी बागेला पाणी देतात, कोणी वरून तुषार चालवतात. गारठ्यात गार पाणी मारून बाग वाचते कशी? एका बागेत तुषार मध्येच बंद पडले आणि न मारलेल्या बागेपेक्षा जास्त नुकसान झालं, असंही ऐकलं. (द्राक्ष उत्पादक, निफाड)

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं कारण एकच, पाण्याचा अप्रकट उष्मा.

विहिरीचं पाणी थंडीतही २०-२४ अंशांचं असतं. २४ अंशांचं एक लिटर पाणी शून्यापर्यंत थंड होताना १०० किलोज्यूल उष्णता सोडतं. तेच पाणी गोठताना आणखी ३३४ किलोज्यूल सोडतं. पानावर, घडावर पाणी सतत पडत आणि गोठत राहिलं तर ही उष्णता तिथेच मिळत राहते आणि बर्फाच्या आवरणातली पेशी शून्य अंशाच्या खाली जात नाही. द्राक्षमण्यात साखर असल्याने त्यातला रस शून्याला गोठत नाही, त्यासाठी उणे दोनच्या आसपास जावं लागतं. कोवळं पान मात्र त्याआधीच दगावतं.

आता उलटी बाजू. ओल्या पानावरून पाणी उडून जातं तेव्हा ते लिटरमागे सुमारे २५०० किलोज्यूल उष्णता पानातून ओढून नेतं. म्हणजे साडेसात लिटर पाणी गोठून जी उष्णता मिळाली, ती एक लिटर पाण्याची वाफ होताना गेली. तुषार चालू आहेत तोवर गोठणारं पाणी भरपूर आणि उडणारं थोडं, म्हणून हिशेब नफ्याचा. मोटार बंद पडली, वीज गेली, विहीर तळाला लागली की नवं पाणी गोठणं थांबतं आणि उडणं चालूच राहतं. मग ओलं पान कोरड्या पानापेक्षा जास्त थंड होतं. तुम्ही ऐकलेलं नुकसान असंच होतं.

म्हणून तुषार चालवायचे तर काही गोष्टी आधीच पक्क्या हव्यात. तासाला किमान अडीच ते तीन मिलिमीटर पाणी पडायला हवं, म्हणजे एकरी १० ते १२ हजार लिटर. वारा असेल तर याहून जास्त. रात्री दोनला सुरू केलं आणि सकाळी आठला थांबवलं तर एकरी ६० ते ७२ हजार लिटर झाले. विहिरीत किंवा शेततळ्यात एवढं पाणी नसेल, किंवा रात्रीच्या विजेची खात्री नसेल, तर सुरूच करू नका. थांबवायचं ते ऊन वर आल्यावर, बर्फ सुटून गळू लागल्यावर.

सुरू कधी करायचं हे साध्या थर्मामीटरवरून ठरवू नका. त्याच्या फुग्याला ओलं मलमलीचं कापड गुंडाळा, जरा वारा घाला आणि वाचा. हे ओल्या फुग्याचं तापमान ओलं पान किती थंड होईल ते सांगतं. हवा ४ अंशांची पण फार कोरडी असेल तर ओलं पान शून्यापर्यंत उतरू शकतं. हा आकडा शून्याला पोचण्याआधीच पाणी सुरू व्हायला हवं. थर्मामीटर घराच्या भिंतीला लावलेला नको, बागेत घडाच्या उंचीवर हवा. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे फेकत असतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही एक ते तीन अंश थंड असू शकतं.

इतकं सांगून झाल्यावर आमचं स्पष्ट मत : निफाड, दिंडोरीकडच्या बहुतेक थंड रात्री ३ ते ८ अंशांच्या असतात, खऱ्या दहिवराच्या, म्हणजे दव गोठण्याच्या, नसतात. अशा रात्री मण्यांत पाणी उतरायला लागलेल्या, म्हणजे मणी पिकू लागलेल्या, बागेवर वरून पाणी मारणं टाळावं. मणी तडकतात आणि सकाळी ओल रेंगाळली की रोगाला आमंत्रण मिळतं. या थंडीत होणारं नुकसान वेगळ्या जातीचं आहे. मण्यांची फुगवण थांबते, साखर भरायला वेळ लागतो, काही घडांत गुलाबी मणी दिसतात. त्यावर तुषारांचा उपाय नाही.

त्यापेक्षा जमीन ओली ठेवा. कोरड्या, भुसभुशीत मातीच्या पोकळ्यांत हवा असते, ती उष्णता ना साठवते ना खालून वर येऊ देते. ओली माती दिवसभराचं ऊन साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. वरची ३० सेंटीमीटर माती ओली असावी आणि हे पाणी थंडीच्या लाटेच्या एक-दोन दिवस आधी, दिवसा द्यावं, म्हणजे त्यात ऊन मुरतं. ठिबकने फक्त वेलीखालचा पट्टा भिजतो. शक्य असेल तर दोन ओळींमधली जागाही भिजवा. तिथे गवत किंवा कोरडं पाचट असेल तर जमिनीची ऊब त्याखालीच अडकते. थंडीच्या आठवड्यात ते बाजूला सारलेलं बरं.

शेकोट्यांबाबत एक गैरसमज पक्का रुजला आहे, की धूर बाग वाचवतो. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून आणि पानांतून निघणारी अवरक्त उष्णता ते फारशी अडवत नाहीत. काम करते ती आगीची ऊब. त्यातही एकच मोठा जाळ केला तर गरम हवा उसळून सरळ वर निघून जाते. बागेच्या कडेने आणि ओळींच्या टोकांना लहान लहान, भरपूर शेकोट्या हव्यात. ओलं गवत आणि टायर जाळून काळा धूर करण्यात फायदा काही नाही आणि त्रास गावभर.

प्रश्न : आमचा लग्नकार्याच्या स्वयंपाकाचा व्यवसाय आहे. थंडीत मोठ्या शेगडीवर भात चढवला की १९ किलोच्या सिलिंडरला घाम फुटतो, कधी खाली पांढरा बर्फ धरतो आणि आच बारीक होते. गॅस शिल्लक असूनही येत नाही. मुलं सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात. हे बरोबर आहे का? (केटरर, पंचवटी)

गरम पाण्याचं घमेलं आधी बंद करा, मग कारण पाहू.

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दाबाखाली द्रवरूपात असतात. शेगडीकडे जातो तो वायू, आणि तो आतल्या द्रवाच्या पृष्ठभागावर तयार होतो. एक किलो द्रवाचा वायू व्हायला साधारण ३५० ते ४०० किलोज्यूल लागतात. ही उष्णता आधी द्रवातून निघते आणि मग पत्र्यातून बाहेरची हवा ती भरून काढते. मोठी भट्टी तासाला दीड किलो गॅस ओढत असेल तर सिलिंडरला हवेतून सतत सुमारे १५० वॉट उष्णता मिळायला हवी. जानेवारीच्या रात्री १० अंशांच्या हवेत ती मिळत नाही. द्रव थंड होत जातो, त्याचा दाब पडतो, आच उतरते. बाहेरच्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर आधी घाम म्हणून आणि मग बर्फ म्हणून बसते. गॅस गळत असल्याची ती खूण नव्हे.

सिलिंडर अर्ध्याच्या खाली गेला की त्रास वाढतो, कारण द्रवाला टेकलेला पत्रा कमी उरतो आणि उष्णता तेवढ्यातूनच आत यायची असते. शिवाय प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. त्यामुळे प्रोपेन आधी निघून जातो आणि शेवटच्या द्रवात ब्युटेन जास्त राहतो. थंडीत त्याचा दाब नावापुरताच असतो.

उपाय एकच आणि तो खात्रीचा : ओढ वाटून द्या. दोन, तीन किंवा चार सिलिंडर एका मॅनिफोल्डला, म्हणजे सामाईक नळीला, जोडले की प्रत्येकावरचा भार तेवढ्या पटीने घटतो आणि कोणालाच बर्फ धरत नाही. जोडणी अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. सिलिंडर मोकळ्या हवेत, एकमेकांपासून वीतभर अंतराने, उभेच ठेवा. आडवा केला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि एक भाग द्रवाचा सुमारे अडीचशे भाग वायू होत असल्याने ज्वाळा भडकते. पोत्यात गुंडाळणंही उलट पडतं, कारण उष्णता बाहेरून आत यायची आहे.

गरम पाणी का नको? उष्णतेने द्रव गॅस पाण्याच्या दहापटीहून जास्त फुगतो. त्यासाठीच सिलिंडर पूर्ण न भरता वर जागा सोडलेली असते. पाणी किती गरम आहे याचा अंदाज गर्दीच्या वेळी कोणाला राहत नाही. दाब बेताबाहेर गेला तर गॅस बाहेर पडू शकतो आणि हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत पसरत पेटलेल्या शेगडीकडेच जातो. रोज पाण्यात ठेवून बूड गंजतं ते वेगळंच.

आत किती उरलंय हे पाहायला ओलं फडकं उभं फिरवा. रिकाम्या भागावरची ओल लवकर वाळते आणि द्रव असलेला भाग जास्त वेळ ओला राहतो. ती रेघ म्हणजे द्रवाची पातळी.

प्रश्न : दोन उन्हाळे छान पाणी गार करणारा माठ यंदा करत नाही. माठ जुना झाला म्हणजे नेमकं काय होतं? (गंगापूर रोड)

माठाची छिद्रं बुजली. पाणी झिरपून बाहेर येतं आणि उडतं तेव्हा क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी भरत असाल तर हे फार लवकर होतं.

दहा लिटरच्या माठातून फक्त १०० मिली पाणी उडालं तरी बाकीचं पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरू शकतं, अर्थात बाहेरून उष्णता आत आली नाही तर. ती येतेच, म्हणून झिरपणं सतत चालू राहावं लागतं. रिकामा माठ नारळाच्या काथ्याने आतून-बाहेरून घासा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. साबण लावू नका, तो छिद्रांत बसतो आणि पाण्याला चव येते. बाहेरून रंग किंवा वॉर्निश दिलेला माठ दिसायला सुंदर, पण गार करत नाही. माठ तिवईवर, वारा लागेल अशा सावलीत ठेवा. स्वयंपाकघराच्या बंद कोपऱ्यात भोवतालची हवाच दमट होऊन बसते.

मर्यादाही लक्षात असू द्या. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर बाष्पीभवनाने पाणी २१-२२ अंशांपर्यंत उतरू शकतं. जुलैत २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत चांगल्यात चांगला माठही दोनेक अंशांपलीकडे जाणार नाही. पाण्याच्या कूलरचंही तेच, म्हणून तो लावताना समोरची खिडकी उघडी हवी.

प्रश्न : कापूर, डांबरगोळी आणि आयोडीन यांचं संप्लवन होतं, म्हणजे ते द्रव होतच नाहीत ना? (इयत्ता नववी, नाशिकरोड)

होतात. पुस्तकातल्या व्याख्येचा अर्थ फक्त इतकाच, की नेहमीच्या तापमानाला ते वितळण्याआधीच डोळ्यांदेखत उडू लागतात. डांबरगोळीतलं नॅफ्थालीन ८० अंशांना वितळतं, आयोडीन ११४ अंशांच्या जवळ आणि कापूर १७५ ते १८० अंशांच्या दरम्यान. हवेच्या नेहमीच्या दाबाला खरोखरच द्रव न होणारा ओळखीचा पदार्थ म्हणजे शुष्क बर्फ, गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो उणे ७८.५ अंशांना सरळ वायू होतो. त्याचा द्रव हवा असेल तर दाब हवेच्या दाबाच्या पाचपटीहून जास्त लागतो. कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकात तो दाबाखाली द्रवरूपातच असतो.

नवसागराचं (अमोनियम क्लोराईडचं) उदाहरण तर संप्लवनात घालायलाच नको असं आमचं मत आहे. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड असे दोन वायू होतात आणि नळीच्या गार भागात ते पुन्हा जुळून नवसागर बनतो. ही रासायनिक घडामोड आहे. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिही, पण समजून घे.

डांबरगोळी घरी तापवून पाहू नकोस, तिची वाफ जळते आणि श्वासात जाणं वाईट. तान्ह्या बाळाच्या कपड्यांतही ती ठेवू नये. ज्यांच्या रक्तात जन्मजात जी-६-पी-डी या विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी तिच्यामुळे फुटू शकतात.

प्रश्न : प्लाझ्मा कटिंगमधला प्लाझ्मा म्हणजे पदार्थाची चौथी अवस्था म्हणतात ती हीच का? आणि पावसाळ्यात नोझल-इलेक्ट्रोड इतके लवकर का जातात? (फॅब्रिकेशन कामगार, सातपूर)

हीच. वायूला इतकी ऊर्जा दिली की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो वीज वाहू लागतो, की त्याचा प्लाझ्मा होतो. साधी हवा वीज वाहत नाही, प्लाझ्मा वाहतो, आणि म्हणूनच कापायच्या टॉर्चपासून पत्र्यापर्यंत आर्क, म्हणजे विजेचा सलग झोत, टिकतो. त्याचं तापमान २० हजार अंशांच्या घरात जातं. पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे कापाच्या जागी ते लगेच द्रव होतं आणि वायूचा झोत ते उडवून लावतो. आकाशातली वीज आणि पेटलेल्या ट्यूबलाइटमधला वायू हेही प्लाझ्माच.

पावसाळ्यातलं कारण पुन्हा अवस्थाबदलाचंच आहे. कॉम्प्रेसर दमट हवा दाबतो, ती टाकीत थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी आणि नळीत साठते. ते पाणी आर्कमध्ये गेलं की त्याचं विघटन होतं आणि इलेक्ट्रोडच्या टोकाची हाफ्नियम धातूची टिकली झपाट्याने झिजते. आर्क वाकडा होतो आणि नोझलचं भोकही लांबट होतं. टाकीचा ड्रेन कॉक पावसाळ्यात दिवसातून दोनदा उघडा. मशीनच्या अगदी आधी पाणी गाळणारा फिल्टर हवा, जमल्यास एअर ड्रायर. टॉर्चसमोर आरसा धरून आर्क न पेटवता हवा सोडा. आरसा धुरकटला तर हवा ओली आहे.

प्रश्न : कुकरच्या वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का भाजतो? (इंदिरानगर)

कारण वाफ त्वचेवर आधी पाणी होते. एक ग्रॅम उकळतं पाणी शरीराच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे २६० ज्यूल देतं. एक ग्रॅम वाफ पाणी होतानाच २२६० ज्यूल देते आणि वर हे २६० आहेतच. जवळजवळ दहापट झाले. झाकण उघडताना त्याची उघडणारी बाजू आपल्यापासून लांब असू द्या. भाजलंच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको.

प्रश्न : थंडीत खोबरेल तेल दगड होतं, पण तूप अर्धं पातळ, अर्धं रवाळ. असं का? (देवळाली)

खोबरेल तेलातल्या स्निग्धांशांचे द्रवणांक एकमेकांच्या जवळ असल्याने ते २४-२५ अंशांच्या आसपास जवळपास एकदमच थिजतं. तुपात अनेक तऱ्हेचे स्निग्धांश असतात. काही फ्रीजमध्येही पातळ राहतात, काही ३५-४० अंशांपर्यंत घट्ट. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे दाणे बनतात आणि बाकीचे त्यांच्याभोवती पातळ राहतात. रवाळ तूप हवं असेल तर कढवून गाळल्यावर भांडं न हलवता ओट्यावर सावकाश निवू द्या. फ्रीजमध्ये घातलं की दाणे मोठे व्हायला वेळ मिळत नाही आणि तूप लोण्यासारखं गुळगुळीत बसतं. बिघडलं मात्र काही नाही. पुन्हा पूर्ण पातळ होईपर्यंत गरम करून सावकाश निववलं की रवा परत येतो.